डॉ. सलीम अली : किहीमच्या सुगरणींपासून सायलेंट व्हॅलीपर्यंत

मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लावून घेतली, घरपट्टी वेळेवर भरली, सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला हजर राहिलो, की आपण चांगले नागरिक झालो असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. त्यात वावगे काही नाही. पण अलिबाग तालुक्यातील किहीम गावाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्या डॉ. सलीम अलींचे आयुष्य पाहिले की हा हिशोब अपुरा वाटू लागतो. त्यांनी कधी निवडणूक लढवली नाही, ते कधी तुरुंगात गेले नाहीत. आयुष्यभर त्यांनी पक्षी पाहिले आणि जे पाहिले ते वहीत लिहून ठेवले. मग वेळ आली तेव्हा त्याच वह्यांच्या आधारे ते पंतप्रधानांपर्यंत जाऊन बोलले.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. मोठ्या कुटुंबातले हे शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते; त्यांनी या पोरक्या भावंडांना सांभाळले. त्या काळच्या सुखवस्तू घरांत शिकार हा मुलांचा नेहमीचा खेळ. दहाबारा वर्षांच्या सलीमच्या हातीही छऱ्यांची बंदूक आली. एक दिवस त्याने एक चिमणी पाडली. उचलून पाहतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! रोजच्या चिमणीला तो नसतो. मुलाने मामांना विचारले, मामांना सांगता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला सोसायटीचे चिटणीस मिलार्डसाहेब यांच्याकडे पाठवले. साहेबांनी चिमणी ओळखली आणि एकेक कप्पा उघडून पेंढा भरून जपलेले शेकडो पक्षी त्या बुजऱ्या मुलाला दाखवले. साहेबाच्या कचेरीत पाय टाकायला घाबरणारा तो मुलगा पुढे त्या संस्थेचा आधारस्तंभ झाला.

आपले आत्मचरित्र लिहिताना सलीम अलींनी त्याला ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ असे नाव दिले. ते १९८५ साली प्रसिद्ध झाले. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात चिमणी जमिनीवर पडण्याचा जो उल्लेख आहे तो आपल्या कानांवरून कितीदा गेला आहे. तोच धागा शेक्सपिअरच्या नाटकातून या मुसलमान घरातल्या पक्षीशास्त्रज्ञाच्या पुस्तकाच्या पाठीवर येऊन बसला.

अभ्यासात मात्र हा मुलगा हुशार वगैरे नव्हता. डोकेदुखीच्या आजाराने शाळा बुडत असे. १९१३ मध्ये तो जेमतेम मॅट्रिक झाला. सेंट झेवियर्स कॉलेजात पहिले वर्षच जड गेले, तेव्हा घरच्यांनी त्याला ब्रह्मदेशात तवॉय येथे खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यावर पाठवले. धंद्यात त्याचा जीव रमला नाही. आजूबाजूच्या जंगलात मात्र रमला. मुंबईला परत आल्यावर तो दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशोब शिकू लागला. इथे एका माणसाने त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. सेंट झेवियर्समधील येशूसंघीय धर्मगुरू फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे मूळचे स्वित्झर्लंडचे आणि वनस्पतिशास्त्रातले मोठे जाणकार. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह त्या महाविद्यालयात आजही आहे. या तरुणाचा ओढा कुठे आहे हे त्यांनी ओळखले आणि प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह धरला. मग सकाळी दावरला हिशोब आणि त्यानंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, असा दुहेरी दिनक्रम सुरू झाला. एका शिक्षकाने एका सामान्य गुणांच्या विद्यार्थ्याकडे नीट पाहिले, एवढेच घडले. आपल्या शाळांत अशी किती मुले मागच्या बाकावर बसलेली असतील!

डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातली पक्षीशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, लोकांना प्राणिविभाग समजावून सांगण्याचे काम महिना ३५० रुपयांवर मिळाले. १९२८ साली रजा काढून ते जर्मनीला गेले आणि बर्लिनला प्रोफेसर श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तो पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली. वय तेहतीस, परदेशातून शिकून आलेले, आणि हातात काम नाही.

तेव्हा नवराबायको किहीमला राहायला आले. तय्यबजी घराण्याची तिथे समुद्राकाठी घरे होती. किहीम अलिबागच्या उत्तरेला दहाबारा किलोमीटरवर, म्हणजे आपल्या रेवदंडा-कोर्लईकडच्या लोकांना काही लांब नाही. आज मुंबईचे लोक तिथे शनिवार-रविवार घालवायला येतात. त्या काळी मात्र पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की मुंबई दूर पडायची. नोकरी गेलेल्या माणसाने डोक्याला हात लावून बसावे अशी ती जागा. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अलींनी तिच्यासमोर ठाण मांडले आणि पावसाळ्याचे ते महिने रोज तासन्‌तास पक्षी पाहिले.

सुगरण आपल्या ओळखीची आहे. नारळी-शिंदीच्या झावळ्यांना, विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लोंबकळणारी तिची घरटी लहानपणी कुणी पाहिली नाहीत? आपण म्हणतो, ती सुगरण. किती छान घर विणते. खरे म्हणजे विणतो तो नर. पावसाच्या तोंडावर त्याच्या डोक्यावर पिवळी टोपी येते आणि तो गवताच्या, भाताच्या, झावळीच्या लांब चिरफळ्या काढून विणायला बसतो. घरटे उलट्या टोपीएवढे झाले की थांबतो. मग माद्या येतात, आत शिरतात, ओढून पाहतात. पसंत नसेल तर निघून जातात आणि नराचे कष्ट तसेच लोंबकळत राहतात. पसंत पडले की मादी तिथे राहते, नर खालची नळी विणून घर पुरे करतो. इथपर्यंत ठीक. पुढे काय होते ते किहीमच्या झाडासमोर बसून सलीम अलींनी नीट नोंदवले. मादी अंडी घालून उबवायला बसली की हा गृहस्थ जवळच दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीला दाखवतो, आणि जमले तर तिसरेही. पिल्लांचा भार बहुतेक मादीवर. त्यांचा हा अभ्यास सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ मध्ये छापून आला आणि पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी त्याची दखल घेतली.

आपल्याकडे असेही सांगतात की सुगरण घरट्यात मातीच्या गोळ्याला काजवे चिकटवून उजेड करते. मातीचे गोळे घरट्यात सापडतात. काजव्यांचे दिवे ही मात्र गोष्टच. ऐकलेले आणि पाहिलेले यांत फरक करणे हे ज्या माणसाला जमते, त्याला अफवेवर नाचवणे कठीण असते, आणि गावात अशी चार माणसे असली तर गावाचे पुष्कळ भले होते, असे मला वाटते.

पण इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ते वर्ष होते १९३०. मिठाच्या सत्याग्रहाने देश पेटला होता. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना पकडल्यावर धारासण्याच्या सत्याग्रहाची धुरा ज्यांच्याकडे आली ते ७६ वर्षांचे अब्बास तय्यबजी, बडोद्याचे निवृत्त न्यायाधीश, याच घराण्यातले. १२ मे रोजी त्यांनाही अटक झाली. त्याच वर्षी आपल्याच कुलाबा जिल्ह्यात, उरणजवळच्या चिरनेर गावात, २५ सप्टेंबरला जंगल सत्याग्रह झाला. आपल्या डोंगरातली लाकडे तोडायला आपल्याला बंदी का, म्हणून गावकरी कोयते घेऊन निघाले आणि पोलिसांच्या गोळीबारात काही जण प्राणाला मुकले. घरातला म्हातारा तुरुंगात, जिल्ह्यात गोळीबार, आणि हा धडधाकट माणूस झाडावरचे पक्षी मोजतो आहे. याला जबाबदार नागरिक म्हणायचे का?

त्या वेळी कुणी हा प्रश्न विचारला असता तर उत्तर देणे सोपे नव्हते, आणि आजही त्याचे गुळगुळीत उत्तर देऊ नये. चिरनेरच्या माणसांनी जे दिले त्याच्या शेजारी वहीतल्या नोंदी ठेवता येणार नाहीत. एवढे मात्र खरे, की स्वातंत्र्य मिळाल्यावर त्या देशाचे डोंगर, पाणथळी आणि पाखरे यांची माहिती कुणाला तरी असावी लागणार होती, आणि ती जमवायला तीसचाळीस वर्षे आधी सुरुवात करावी लागते.

त्यांनी ती केली. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ या संस्थानांतून त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली. अट एवढीच, की प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च भागावा, पगार नको. बैलगाडी, तंबू, कंदील आणि सोबत तेहमिनाबाई. श्रीमंतीत वाढलेली ही स्त्री रानावनात नवऱ्याचा संसार सांभाळत हिंडली. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. पुढे ते वांद्र्याला पाली हिलवर बहिणीच्या कुटुंबासोबत राहिले. चरित्रकार त्यांच्या शोधांवर पानेच्या पाने लिहितात आणि तेहमिनाबाईंना दोन ओळी देतात. त्यांच्याविना ती पहिली दहा वर्षे निभली नसती हे उघड आहे.

१९४१ मध्ये त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ निघाले. सामान्य माणसाला खिडकीतून दिसणारा पक्षी ओळखता यावा असे हे पुस्तक. डेहराडूनच्या तुरुंगात असलेल्या पंडित नेहरूंनी ते आपल्या मुलीला भेट दिले होते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडली. स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश सभासद मायदेशी गेले, सोसायटीला पैशांची चणचण भासू लागली, तेव्हा सलीम अलींनी नेहरूंना पत्र लिहून संस्थेसाठी सरकारी मदत मिळवली. स्वतःसाठी मागितली असती तर आज त्याबद्दल लिहावेसे वाटले नसते.

राजस्थानातील भरतपूरचे तळे ही अशीच गोष्ट. संस्थानिकांच्या काळात ती बदकांच्या शिकारीची जागा होती. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेळाव्यात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा तिथल्या शिळेवर कोरलेला आहे. योगायोग असा की तो सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस होता. स्वातंत्र्यानंतर पाणी शेतीला द्या, तळे आटवून जमीन वाटा, अशी मागणी आली. भुकेल्या देशात ती चुकीची म्हणता येत नव्हती. सलीम अलींनी नेहरूंपर्यंत जाऊन समजावले की हे पाणी गेले तर दूरच्या उत्तरेकडून हिवाळ्यात येणाऱ्या पाखरांना उतरायला जागा राहणार नाही. तळे वाचले. १९५६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि १९८५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले.

केरळातील सायलेंट व्हॅलीचा लढा याहून वेगळा होता. कुंतीपुळा नदीवर वीजप्रकल्पासाठी धरण बांधायचे ठरले होते. त्यात सिंहपुच्छी माकडांचे राहते जंगल बुडणार होते. केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे शिक्षक आणि कार्यकर्ते, कवयित्री सुगतकुमारी, विद्यार्थी असे कितीतरी जण उभे राहिले. ऐंशीच्या घरातले सलीम अली त्यांच्या बाजूने उतरले, ते जंगल पाहून आले आणि प्रकल्प रद्द करावा असा त्यांनी आग्रह धरला. पंतप्रधान इंदिरा गांधी त्यांना मान देत. वडिलांनी दिलेले पक्ष्यांचे पुस्तक त्या विसरल्या नव्हत्या. १९८३ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला, पुढच्या वर्षी तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. या लढ्यात सलीम अली एकटे नव्हते, हे मला त्यांच्या मोठेपणाइतकेच महत्त्वाचे वाटते. एका थोर माणसाचा शब्द दिल्लीत पोहोचतो, पण त्याच्यामागे गावोगावच्या सभा, माहितीपत्रके आणि वादविवाद असले म्हणजे तो शब्द टिकतो.

भरतपूरला हे दुसरे अंग राहून गेले, आणि त्याची किंमत मोजावी लागली. तळ्याकाठच्या गावांतली म्हशी-गुरे पिढ्यान्‌पिढ्या आत चरत. चराईने पक्ष्यांचे नुकसान होते असे सलीम अलींचे आणि इतर तज्ज्ञांचे मत होते. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान होताच सरकारने चराई बंद केली. गावकऱ्यांना दुसरा चारा दिला नाही, विश्वासात घेतले नाही. नोव्हेंबरात ते गुरे घेऊन आत शिरू लागले तेव्हा गोळीबार झाला आणि माणसे मेली. चिरनेरच्या माणसांनी जंगलावरच्या हक्कासाठी गोळ्या झेलल्याला तेव्हा बावन्न वर्षे झाली होती. या वेळी गोळ्या आपल्याच सरकारच्या होत्या. आणि पुढे काय निघाले? खुद्द बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात दिसले की म्हशी थांबल्यावर पाण्यात एक प्रकारचे गवत बेसुमार माजले, उघडे पाणी कमी झाले आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. म्हशी गवत आटोक्यात ठेवत होत्या. गुराख्यांना विचारले असते तर त्यांनी हे कदाचित आधीच सांगितले असते.

हा दोष एकट्या सलीम अलींचा नव्हे. हुकूम सरकारचा होता, बंदुका पोलिसांच्या होत्या. पण सल्ला त्यांच्या बाजूने गेलेला होता, आणि चरित्र सांगताना ही पाने गाळणे बरे नव्हे. सोसायटीने आपल्याच थोर माणसाच्या मताविरुद्ध जाणारे निष्कर्ष दडवले नाहीत, याचेही श्रेय दिले पाहिजे. किहीमच्या झाडासमोर जी शिस्त त्यांनी पाळली, दिसेल तेच लिहायचे, तिच्यात हे बसणारे होते.

मोठेपणा त्यांच्याकडे चालत आला. अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्यासोबत भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ त्यांनी १९६८ ते १९७४ या काळात पुरा केला. पद्मभूषण १९५८ मध्ये, पद्मविभूषण १९७६ मध्ये. पदवी न मिळवलेल्या या माणसाला विद्यापीठांनी सन्मान्य डॉक्टरेट दिल्या. गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम मिळाली ती त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी देऊन टाकली. १९८५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमले. मोटारसायकलचे वेड मात्र जुनेच. १९५० मध्ये स्वीडनला पक्षीशास्त्रज्ञांच्या परिषदेला जाताना ते आपली सनबीम गाडी बरोबर घेऊन गेले होते आणि तिच्यावरून युरोपात हिंडले. चोपन्नाव्या वर्षी! २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

१९७६ च्या घटनादुरुस्तीने आपल्या राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आली. त्यांत अरण्ये, तळी, नद्या आणि वन्यजीव यांचे रक्षण करणे व प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे एक, आणि वैज्ञानिक दृष्टी व शोधक बुद्धी वाढवणे हे दुसरे कर्तव्य आहे. हक्कांची यादी आपल्याला पाठ असते, ही यादी फारशी कुणी उघडत नाही. तिला शिक्षेचा धाकही नाही. किनाऱ्यावरच्या आपल्या गावांत तर या दोन्ही कर्तव्यांना रोजचे काम आहे. केवड्याचे बन कुणी तोडले, सुरूची झाडे का गेली, ओढ्यात भराव कुणाच्या परवानगीने पडला, हे ग्रामसभेत विचारता येते. विचारणाऱ्याकडे तारीख, जागा आणि नोंद असली तर उत्तर टाळणे कठीण जाते. आणि त्याच ग्रामसभेत कोळीवाड्यातल्या, ठाकरवाडीतल्या माणसाचे म्हणणेही ऐकून घ्यावे लागते.

सलीम अलींच्या जन्मदिवशी संपणारा पक्षी सप्ताह, ५ ते १२ नोव्हेंबर, महाराष्ट्र सरकारने २०२० पासून सुरू केला आहे. ज्यांना सुगरणी पाहायच्या असतील त्यांनी मात्र नोव्हेंबरची वाट पाहू नये. तेव्हा रिकामी घरटीच वाऱ्यावर हलताना दिसतील. जुलै-ऑगस्टमध्ये, पावसाची उघडीप पाहून जावे. विहिरीकाठची बाभूळ किंवा भाताच्या शेताजवळचा माड शोधावा, झाडापासून जरा दूर बसावे, घरट्यांना हात लावू नये. मुलांना बरोबर न्यावे. एक वही आणि पेन्सिल पुरते. पावसात शाई पसरते.